अंड्याविना चॉकलेट केक: बटरमिल्क, ब्राउन शुगर, केक फ्लोअर यांच्याऐवजी काय आणि किती?

मेतकूटभात:

एका अमेरिकन पाककृतीवरून चॉकलेट केक करायचा आहे, येत्या शनिवारी. घरात अंडं चालत नाही आणि यादीतल्या निम्म्या वस्तू इथल्या वाण्याकडे मिळत नाहीत. मूळ प्रमाण असं आहे:

केक फ्लोअर (केकसाठीचा बारीक, हलका मैदा) २ कप, ब्राउन शुगर दीड कप, कोको अर्धा कप, बेकिंग सोडा दीड टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, बटरमिल्क १ कप, अनसॉल्टेड बटर १ स्टिक (अर्धा कप), अंडी २, गरम कॉफी अर्धा कप. ९ इंची गोल टिन, ३५० फॅरनहाइट, ४० मिनिटं.

घरात काय आहे: मैदा, कणीक, कॉर्नफ्लोअर, साखर, साधा गूळ, काकवी, घरी विरजलेलं दही, मिठाचं पिवळं बटर, साजूक तूप, सूर्यफुलाचं तेल, खायचा सोडा, बेकिंग पावडर, पांढरं व्हिनेगर, जवस, दूध पावडर. कोकोच्या डब्यावर घटकांमध्ये ५०१ असा आकडा छापलाय. ओव्हन म्हणजे २८ लिटरचा ओटीजी, पंखा नसलेला.

बटरमिल्क म्हणून ताक घालता येईल का? दोन अंड्यांना दही बरं की जवस? ब्राउन शुगरच्या जागी गूळ तेवढाच घ्यायचा का? आणि बटरऐवजी तेल घेतलं तर तेही अर्धा कपच का?

एकेका वस्तूला पर्याय कुठेही सापडतो. हे सगळे बदल एकाच केकमध्ये केले तर काय होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

---

सोडावॉटर:

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. एकेक पर्याय बरोबर असतो आणि तरीही बेरीज चुकते. या केकमध्ये जमाखर्च सांभाळायचा आहे तो आंबटपणा आणि सोड्याचा, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

१२५ ग्रॅम मैदा फुगवायला पाव टीस्पून सोडा पुरतो. तुमच्या पाककृतीत दोन कपांना दीड टीस्पून आहे, म्हणजे गरजेच्या तिप्पट. अमेरिकेत तो खपून जातो, कारण तिथला साधा कोको आंबट असतो, ब्राउन शुगरमधली मळीही आंबट असते, शिवाय जास्तीच्या सोड्याने केकला काळपट रंग येतो. तुमच्या डब्यावरचा ५०१ म्हणजे पोटॅशियमचे कार्बोनेट क्षार. कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करून त्याचा आंबटपणा काढून टाकलेला आहे. ही पद्धत हॉलंडच्या व्हान हौटन यांनी एकोणिसाव्या शतकात रुळवली, म्हणून त्याला डच कोको म्हणतात. ५०० हा आकडा असला तरी अर्थ तोच. डच कोको रंगाला गडद, चवीला मऊ, पण सोड्याला जागं करण्याच्या कामाचा नाही. अशा कोकोत दीड टीस्पून सोडा घातलात तर बराचसा तसाच शिल्लक राहील. केक ओव्हनमध्ये भराभर वर येईल, बाहेर काढल्यावर मध्ये खड्डा पडेल आणि चव साबणासारखी लागेल.

आता आंबट काय उरलं? दही. साधारण अर्धा कप दही पाव टीस्पून सोडा जिरवतं. खाली जी मापं दिली आहेत त्यात २८० ग्रॅम दही आहे, ते अर्ध्या टीस्पूनला पुरतं. राहिलेलं फुगण्याचं काम बेकिंग पावडरकडे द्यायचं, कारण तिच्यात स्वतःचं आम्ल असतं. म्हणून सोडा अर्धा टीस्पून आणि बेकिंग पावडर १ टीस्पून, दोन्ही सपाट, सुरीने कापून.

ताक नको. आपलं ताक म्हणजे एक वाटी दह्यात दोन-तीन वाट्या पाणी. अमेरिकन बटरमिल्क जवळपास पातळ दह्याइतकं घट्ट असतं. १ कप बटरमिल्कला एरवी १८० ग्रॅम दही आणि ६० मिली पाणी घुसळून घेतात. दही आदल्या दिवशीचं, थोडं आंबट झालेलं चांगलं, पण वर निवळी सुटलेलं आणि दात आंबवणारं नको. दुधात १ टेबलस्पून व्हिनेगर घालून फाडलेलं दूध दही नसेल तेव्हा चालतं. दही असताना त्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

अंडी. मोठं अंडं कवचाशिवाय सुमारे ५० ग्रॅम. त्यात पाऊण हिस्सा पाणी, बाकी प्रथिनं आणि बलकातली चरबी. पाणी आणि चरबी भरून काढणं सोपं आहे. उष्णतेने घट्ट होऊन केकचा सांगाडा धरणारी प्रथिनं भरून काढणं अवघड. दोन अंड्यांना १०० ग्रॅम दही, १ टेबलस्पून जास्तीचं तेल आणि २ टेबलस्पून दूध पावडर घ्या. जवस (एका अंड्याला १ टेबलस्पून पूड आणि ३ टेबलस्पून पाणी, १५ मिनिटं ठेवून) बांधून ठेवायला चांगलं, कुकी आणि कणकेच्या मफिनला उत्तम, पण मऊ केक त्याने चिकट होतो. दोन अंड्यांपर्यंत ही अदलाबदल निभते. ज्या केकची उंचीच चार-सहा फेटलेल्या अंड्यांवर उभी आहे, त्यात दही घालून काहीही साधत नाही. तिथे पाककृतीच दुसरी निवडावी.

आता सांगाडा कमकुवत झालाय म्हणून आणखी दोन गोष्टी बदलायच्या.

केक फ्लोअरला पर्याय म्हणून कपातून २ टेबलस्पून मैदा काढून तेवढं कॉर्नफ्लोअर घालायला सगळे सांगतात. अंडी असताना जरूर करा. इथे करू नका. कॉर्नफ्लोअरने ग्लुटेन (मैद्यातलं बांधून ठेवणारं प्रथिन) कमी होतं, अंडी आधीच गेली, मग केकला उभं कोण धरणार? साधा मैदाच घ्या.

दुसरं म्हणजे साखर. दीड कप दाबून भरलेली ब्राउन शुगर म्हणजे ३२० ग्रॅमच्या आसपास, मैद्यापेक्षा बरीच जास्त. साखर जास्त असली की पीठ उशिरा बसतं, तोवर फुगे फुटून जातात. बिनअंड्याच्या केकमध्ये साखरेचं वजन मैद्याच्या वजनाच्या पुढे जाऊ देऊ नये.

सगळं मिळून प्रमाण असं:

मैदा २४० ग्रॅम
कोको ४० ग्रॅम
दूध पावडर २ टेबलस्पून
सोडा अर्धा टीस्पून, बेकिंग पावडर १ टीस्पून, मीठ पाव टीस्पून
साखर २०० ग्रॅम आणि काकवी २ टेबलस्पून
दही २८० ग्रॅम (बटरमिल्कचं १८०, अंड्यांचं १००, पातळ करायचं ६० मिली पाणी वगळलंय)
तेल ११५ मिली
गरम कॉफी १२० मिली

कृती. कोकोवर उकळती कॉफी ओतून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा आणि कोमट होऊ द्या. वाटीच्या कडेला चकचकीत, पातळ चॉकलेटसारखी रेघ दिसायला हवी. कोरडे ठिपके दिसले तर आणखी घोटा. मैदा, दूध पावडर, सोडा, बेकिंग पावडर, मीठ दोनदा चाळून घ्या. सोड्याची गुठळी राहिली तर केकमध्ये तपकिरी कडू ठिपका सापडतो. दुसऱ्या भांड्यात दही, साखर, काकवी, तेल एकजीव करा, त्यात कोमट कोको, मग मैदा दोन हप्त्यांत. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. पीठ इडलीच्या पिठाइतकं, चमच्यातून सलग पडणारं हवं.

ओव्हन १७५ अंश सेल्सिअसला आधी १५ मिनिटं तापवून तयार असला पाहिजे, कारण दही आणि सोडा भेटल्याक्षणी वायू निघायला लागतो. पीठ ओट्यावर १५ मिनिटं वाट बघत बसलं तर तेवढं फुगणं गेलं. खालून दुसऱ्या खाचेत जाळी, दोन्ही सळया चालू, ४० ते ४५ मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका.

---

ऊसाचा_मळा:

वरच्या प्रमाणात काकवी आहे ते बघून बरं वाटलं. ब्राउन शुगर म्हणजे बहुतेक वेळा साखरेला परत चोळलेली मळी. आपल्याकडे काकवी असताना त्यासाठी महागाचं पाकीट आणायची गरज नाही. २०० ग्रॅम साखरेला तिकडे १ टेबलस्पून मळी लावतात. काकवीतून साखर काढून घेतलेली नसते, म्हणून ती चवीला सौम्य. तिचे २ टेबलस्पून घ्यावे लागतात. गडद ब्राउन शुगर हवी असेल तर ३. बोटांनी चोळून ओलसर वाळूसारखी झाली की झाली. कुकीसाठी करायची असेल तर आयत्या वेळी करा, ठेवली की गोळा होतो.

गूळ घ्यायचाच असेल तर वजनास वजन, म्हणजे इथे साखर-काकवी मिळून जे २४० ग्रॅम होतं तितका. पण चार गोष्टी लक्षात ठेवा. खडे न राहतील असा किसून किंवा चिरून घ्या, कोमट कॉफीत विरघळवा आणि गाळा, तळाशी चिपाडाचा कचरा हमखास निघतो. गुळात पाणी असतं, त्यामुळे कॉफी २ टेबलस्पून कमी. केक लवकर करपतो, म्हणून १६५ अंश आणि ५ ते ७ मिनिटं जास्त. आणि मीठ घालू नका, गुळाचं स्वतःचं खारं अंग असतं. चिक्कीचा गूळ मात्र केकला नको, तो ताणला जाणारा आणि चिवट. पिवळाधमक गुळापेक्षा तांबूस-काळपट गुळाला चॉकलेटजवळ जास्त चव येते.

जिथे बटर आणि साखर फेसायची असते तिथे गूळ चालत नाही. फेसताना साखरेचे कडक, टोकदार कण बटरमध्ये हवा कोंडतात. किसलेला गूळ नुसता मिसळून जातो. तुमच्या केकमध्ये तेल आहे, फेसायचं काही नाही, म्हणून इथे अडचण येणार नाही.

मधाचं कुणीतरी विचारणारच, तर तेही: १ कप साखरेला पाऊण कप मध, बाकीच्या द्रवातून ३ ते ४ टेबलस्पून वजा, चिमूटभर सोडा जास्त, आणि ओव्हन १५ अंशांनी कमी. या केकला मात्र मध लावू नये, कोको त्याची चव खाऊन टाकतो आणि पैसे वाया.

पिठीसाखर वजनाने साखरेइतकीच, कपाने नाही. १ कप साखर २०० ग्रॅम भरते, १ कप पिठीसाखर सुमारे १२०.

---

खारी_बटर:

बटर-तेलाचा प्रश्न राहिला, तो मी घेतो.

बटरमध्ये चरबी ८० टक्के, पाणी १६ टक्क्यांच्या आसपास. तेल आणि तूप जवळजवळ निव्वळ चरबी. त्यामुळे कपाला कप बदललंत तर केक तेलकट होतो आणि तळाला कागद ओला दिसतो. १ स्टिक म्हणजे ११३ ग्रॅम. त्यातली चरबी ९० ग्रॅम, तेवढं तेल मापात १०० मिली येतं. सोडावॉटर यांनी ११५ लिहिलंय त्यात वरचे १५ बलकाचे. हिशेब बरोबर आहे.

तूप घेतलंत तर ९० ग्रॅम, पातळ करून. पण थंड झाल्यावर तुपाचा केक घट्ट होतो, फ्रीजमधून काढून लगेच खाल्ला तर रवाळ लागतो. पावसाळ्यात आणि फ्रीजमध्ये ठेवायच्या केकला तेलच. शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाचा आणि मोहरीच्या तेलाचा वास राहतो, सूर्यफूल योग्य.

मिठाचं बटर: आपल्याकडच्या पिवळ्या बटरमध्ये १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम मीठ असतं. पाककृतीतलं मीठ वगळलं की केकमध्ये ते खपतं. बटरक्रीममध्ये खपत नाही, कारण तिथे बटर जवळपास निम्मं असतं. घरचं लोणी वापरायचं तर गार पाण्याने दोन-तीनदा धुऊन, ताक पूर्ण निघेपर्यंत दाबून घ्या. लोण्यात ताक राहिलं तर आंबट वासही येतो आणि फेसताना पाणी सुटतं.

आणि ही अदलाबदल सगळीकडे चालते असं समजू नका. नानखटाई, शॉर्टब्रेड, खारी यांत गार असताना घट्ट राहणारी चरबीच लागते. नानखटाईत तेल घातलं तर ती ट्रेवर पसरून चपटी होते आणि खुसखुशीत होण्याऐवजी कडक. तिथे तूप, तेही थिजलेलं, हाताने पांढरं होईपर्यंत फेसून. बाजारात खारीला वनस्पती तूप वापरतात ते फक्त स्वस्त म्हणून नाही, ते उन्हाळ्यातही पदरांमध्ये घट्ट राहतं.

---

पाव_चमचा:

सोडावॉटर, एक विरोध नोंदवतो. दोन्ही अंड्यांना दहीच घेतलं तर केक दुसऱ्या दिवशी दह्याची आंबूस चव धरतो, विशेषतः उन्हाळ्यात. मी एका अंड्याला दही ५० ग्रॅम आणि दुसऱ्याला छोल्यांचं पाणी ३ टेबलस्पून सुचवेन. काबुली चणे बिनमिठाचे, बिनसोड्याचे शिजवायचे, पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्यासारखं तारदार करायचं, गार झाल्यावर बीटरने पांढरा फेस येईपर्यंत फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळायचं. केक हलका होतो. वास येत नाही, कोको झाकतो.

---

सोडावॉटर:

मान्य, हलका होतो. पण मग दही २३० ग्रॅमवर येतं, तेव्हा सोडाही अर्ध्यावरून थोडा खाली आणा, सपाट अर्ध्यापेक्षा चिमूटभर कमी. आणि आंबूस चव येते ती दही जास्त आंबट असल्यामुळे. ताजं दही घेऊन सोडा तसाच ठेवला तर उलट साबणाची चव येईल, म्हणून मध्यम आंबट, एक दिवसाचं. पहिल्यांदा करणाऱ्याने आटवणं-फेटणं या भानगडीत पडू नये असं मला वाटतं; आटवणं कमी पडलं तर पाणी जास्त होतं आणि तळाशी रबरासारखा पट्टा बसतो.

---

मेतकूटभात:

सगळ्यांचे आभार. एवढं नेमकं कुणी सांगत नाही. आता उरलेले प्रश्न:

निम्मी कणीक घातली तर? बेकिंग पावडरचा डबा जुना आहे, तिच्याऐवजी ईनो चालेल का? टिन ८ इंची आहे, ९ इंची नाही. आणि वरून लावायला घरात २५ टक्केवालं फ्रेश क्रीम आहे, ते फेटून घट्ट होईल का?

---

सोडावॉटर:

कणीक: निम्म्यापर्यंत चालते, १२० मैदा आणि १२० कणीक. चक्कीच्या पिठात दळताना स्टार्च जास्त भरडला जातो, त्यामुळे ते पाणी जास्त ओढतं. २ टेबलस्पून दूध जास्त घाला. कोंडा चाळून काढू नका, चाळून मग कणकेत उरतं काय? पूर्ण कणकेचा केकही होतो, पण तेव्हा तो या पाककृतीतला केक राहत नाही, जड आणि दाणेदार होतो.

डबा जुना आहे म्हणून टाकू नका, तपासा. अर्धा टीस्पून पावडर पाव कप गरम पाण्यात टाका. लगेच फसफसून वर आली तर चांगली. सोड्याची परीक्षा व्हिनेगरमध्ये. पावडर मेली असेल तर १ टीस्पूनच्या जागी पाव टीस्पून सोडा, अर्धा टीस्पून क्रीम ऑफ टार्टर (आंबट पांढरी पूड) आणि पाव टीस्पून कॉर्नफ्लोअर. क्रीम ऑफ टार्टर नसेल तर पाव टीस्पून सोडा आणि १ टेबलस्पून व्हिनेगर; सोडा मैद्याबरोबर चाळायचा, व्हिनेगर अगदी शेवटी. अर्धा टीस्पून व्हिनेगर पुरतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, तेवढ्याने पाव टीस्पून सोडा पूर्ण जिरत नाही.

ईनो म्हणजे सोडा आणि लिंबूफूल एकत्र. ओलं झालं की लगेच सगळा जोर काढून मोकळं होतं. ढोकळ्यात भांडं आधीच वाफेवर तयार असतं म्हणून जमतं. केकला चाळीस मिनिटं लागतात आणि ओटीजीत केक मध्यापर्यंत तापायलाच वेळ जातो. अडीनडीला घालायचं तर साधं, लिंबू-संत्र्याच्या स्वादाचं नाही, १ टीस्पून, टिन तुपाचा हात लावून तयार ठेवून, घातल्या घातल्या ओव्हनमध्ये.

---

खारी_बटर:

२५ टक्के चरबीचं क्रीम फेटून उभं राहत नाही. निदान ३० टक्के लागतात, ३५ असेल तर निर्धास्त. ते बर्फावर ठेवा, जिलेटिन घाला, हे सगळे उपद्व्याप करण्यापेक्षा त्याचं गनाश करा: गडद चॉकलेट २०० ग्रॅम बारीक चिरून, त्यावर क्रीम १०० मिली कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर गोल ढवळा. क्रीम खळाखळा उकळलंत तर चॉकलेट फाटून तेल वर येतं. तसं झालंच तर १ टेबलस्पून कोमट दूध घालून पुन्हा घोटा, येतं परत.

भाजीत, मखनी ग्रेव्हीत जिथे हेवी क्रीम लिहिलेलं असतं तिथे मात्र हेच २५ टक्केवालं बिनधास्त वापरा, फक्त गॅस बंद करून. घरची साय मिक्सरला एकच झटका देऊन चालते, दुसऱ्या झटक्याला लोणी.

---

ऱ्हाइनकाठची_सून:

धागा वाचून उलटा प्रश्न विचारते. आम्ही जर्मनीत, जवळचं भारतीय दुकान तासाभरावर. इथल्या सुपरमार्केटच्या वस्तूंमध्ये श्रीखंड, उकडीचे मोदक आणि पुरण कितपत निभेल? तांदळाचं पीठ इथे मिळतं पण मोदकाची पारी चिरते. आणि इथल्या बेकिंग पावडरच्या पुड्या येतात, त्यांचं माप काय धरायचं?

---

उकडशेगडी:

श्रीखंडाच्या बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा सुखी आहात. तिथलं क्वार्क म्हणजे जवळपास तयार चक्का. ४० टक्केवालं घ्या. तो आकडा कोरड्या भागातल्या चरबीचा असतो, प्रत्यक्षात १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास चरबी. मागरक्वार्क (चरबी काढलेलं क्वार्क) घेऊ नका, कोरडं आणि खडूसारखं लागतं. ५०० ग्रॅम क्वार्क फडक्यात बांधून फ्रीजमध्ये रात्रभर टांगा, पाणी सुटून बऱ्यापैकी घट्ट होईल. आपल्या चक्क्यापेक्षा ते कमी आंबट, म्हणून चक्क्याला जी बरोबरीने साखर घालतो ती इथे घालू नका. पाऊण पटीपासून सुरू करा. पुरणयंत्र नसेल तर बारीक तारेच्या गाळणीतून दोनदा घासा, रवाळपणा जातो.

मोदक. सुपरमार्केटमधलं तांदळाचं पीठ कोरडं दळलेलं, भरड असतं. पारी चिरते ती त्यामुळे, तुमच्या हाताचा दोष नाही. आशियाई दुकानातलं थाई तांदळाचं पीठ घ्या, ते फार बारीक असतं. हत्तीच्या चित्राच्या पाकिटांमध्ये लाल छपाईचं साध्या तांदळाचं, हिरव्या छपाईचं चिकट तांदळाचं. लाल १ कप, त्यात हिरव्यातलं १ टेबलस्पून, पाणी १ कप, तूप १ टीस्पून, मीठ चिमूटभर. पाणी खळखळलं की पीठ घालून ढवळून झाकण, दोन मिनिटं मंद आच, मग बंद करून दहा मिनिटं तशीच. उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची. चिकट पीठ एका टेबलस्पूनच्या वर गेलं तर मोदक वाफेत बसके होतात आणि कळ्या मिटतात.

सारणाला सुकं खोबरं १०० ग्रॅम घेऊन त्यावर ७० मिली कोमट नारळाचं दूध शिंपडून २० मिनिटं झाकून ठेवा. गुळाला पर्याय पनेला किंवा मस्कोवाडो. दोन्हींत मळी शाबूत असते. तिथली नुसती तपकिरी दाणेदार साखर नको, सारण गार झालं की कडक होतं.

पुरणाला हरभऱ्याची डाळ नसेल तर सोललेले पिवळे वाटाणे. ते लवकर शिजतात आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे शिजल्यावर चाळणीत निदान अर्धा तास निथळा आणि गूळ थोडा कमी घाला, नाहीतर पुरण सैल होऊन पोळी फुटते. उलथनं उभं राहीपर्यंत आटवायचं, हे तसंच. जायफळ हात सैल सोडून घाला, वाटाण्याचा वास मारायला. कट मात्र फेकून द्या, त्या आमटीला वाटाण्याचा वास येतोच. मैद्याला टाइप ४०५ (तिथल्या पिठाच्या पाकिटावर हा आकडा असतो), पण पुरणपोळीच्या पारीला ५५० जास्त ताणतो. शिऱ्याला मऊ गव्हाचा ग्रीस, म्हणजे रवा, घ्या; कडक गव्हाचा म्हणून वेगळा येतो, तो शिऱ्यात फुलायला वेळ लावतो.

बेकिंग पावडरची पुडी १५-१६ ग्रॅमची असते आणि ५०० ग्रॅम पिठाला धरलेली असते. म्हणजे वरच्या केकला १ टीस्पून हवी तिथे पुडीचा चौथा-तिसरा हिस्सा, वजनकाट्यावर ४ ते ५ ग्रॅम. नात्रोन लिहिलेली पुडी म्हणजे निव्वळ सोडा, ती बेकिंग पावडर समजून सगळी ओतू नका.

---

सोडावॉटर:

८ इंची टिनचं उत्तर राहिलंच. हे सगळं पीठ ८ इंचीत दोन तृतीयांशाच्या वर जाईल, आणि उंच भरलेला बिनअंड्याचा केक मध्ये बसतोच. टिन निम्म्यापेक्षा थोडं वर भरा, उरलेल्याचे कागदी वाट्यांत मफिन करा, पाच-सहा होतील. दोन्ही एकदमच ओव्हनमध्ये ठेवायचं. मफिन २० मिनिटांनी तयार होतात, पण २५ मिनिटं दार उघडायचं नाही हे आधी लिहिलंय, त्यामुळे ते २५ व्या मिनिटालाच काढा. थोडे कोरडे वाटतील, त्यांच्यावर गनाशचा हात जास्त फिरवा.